खो दिलाच नाही

शाळेत खो-खोची कॅप्टन असताना शेवटच्या सामन्यात मी कुणाला खोच दिला नाही. सगळे गडी मीच बाद करणार म्हणे! दोन वेण्या आणि मिजास राणीची. धापा टाकत पळाले, अन् आम्ही हरलो.

आज गॅलरीतून नातीचा सराव बघतेय. जी जास्त गडी बाद करील तीच कॅप्टन, असं सरांनी जाहीर केलंय. मग काय, नात एकटीच पळतेय, बाकीच्या पोरी नुसत्या बसून आहेत. माझाच मूर्खपणा, पण हिला त्याचं बक्षीस मिळणार. उद्या हिच्या हाकेला कोण उठेल?

तेव्हा सामना संपल्यावर रांगेतली कुसुम मला म्हणाली होती, "तुझी थाप पडेल म्हणून शेवटपर्यंत पाठ ताठ करून बसले होते गं मी."