पांढरीवरचं मडकं

आता काय सांगू तुम्हाला, मागून मोटारसायकलचा आवाज आला की अजून मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतो. हसू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर स्कूटर तिथंच टाकून पळाला असता.

मी अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवतो. वर्गात चार पोरं बसत नाहीत, म्हणून पुरातत्त्व लोकांपर्यंत न्यायचं खूळ डोक्यात घेतलं. रविवारी स्कूटर काढायची, एखादी पांढरी, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या गावाचं टेकाड गाठायचं आणि मोबाईलवरून लाईव्ह जायचं. बघणारी एकटी बायको. तीही मी विचारतो म्हणून.

त्या रविवारी अकोल्याच्या बाजूला पूर्णेकाठची पांढरी गाठली आणि गावाचं नाव टाकून लाईव्ह सुरू केलं. पायथ्याशीच मातीचं अर्धं भांडं सापडलं. बाजूला भोक, अगदी गोल. मला तर भरूनच आलं.

"मित्रांनो, किमान दोन हजार वर्षांपूर्वीचं भांडं. भोक मुद्दाम पाडलंय, म्हणजे ही पाणी प्यायची झारी. लोक अशी धरत असतील." आणि ते मी तोंडाजवळ धरून दाखवलं. वर म्हणालो, "याच्या मालकाचं नावसुद्धा आज कुणी सांगू शकणार नाही."

उन्हात स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं, पण कमेंटा भराभर सरकताना दिसत होत्या. म्हटलं, जमलं बुवा एकदाचं. भांडं पिशवीत टाकलं, लाईव्ह बंद केलं, तोच बायकोचा फोन.

"पाहिलंस का, किती लोक आले?"

"कमेंटा वाचा आधी. ते मडकं घरी आणायचं नाही. अन् तुमी बी आंघोळ केल्याबिगर घरात पाय ठेवायचा नाही."

बाभळीच्या सावलीत जाऊन वाचलं. 'सर, ठेवा ते खाली. आमच्या मामाचं मडकं होय.' मग मामाचं पूर्ण नाव आलं. घर कोणतं तेही आलं. एका भाचीनं लिहिलं होतं, 'बुधवारीच तर नेलं मामाले.'

पांढरीच्या पायथ्याशी गावाचं मसण होतं. चितेभोवती फिरताना दगडानं भोक पाडतात आणि मग खांद्यावरून मागे टाकून फोडतात, ते मडकं मी तोंडाशी धरून जगाला दाखवलं होतं. शेवटची कमेंट मामाच्या मुलाची होती. 'सर, थांबा तिथंच. येऊन राहिलो.'

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी कुणी ठेव म्हटलं असतं तर ठेवला असता. पिशवी हातात धरवेना, खाली टाकायची हिंमत होईना. व्हिडिओपायी लोक मार खातात हे तर रोजच पेपरात वाचतो. स्कूटरला किक मारली, ती सुरू होईना. आणि मागून मोटारसायकल आली.

मुंडण केलेला धिप्पाड माणूस उतरला. "तुमीच काय ते लाईव्हवाले सर?"

"भाऊ, चुकलं माझं. खरंच माहीत नव्हतं." मी पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली.

"एवढे काहून भेऊन राहिले? पाणी तं नाही ना प्याले यातून?"

"नाही नाही. नुसतं दाखवलं."

त्यानं मडकं होतं तिथं नेऊन ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, "बसा गाडीवर. साऱ्यायनं घरी बलावलं तुमाले."

'साऱ्यायनं' ऐकून माझा उरलेला जीवही गेला. वाटेत एकच विचार, इथून अकोल्याचा दवाखाना किती लांब असेल?

अंगण पाहुण्यांनी भरलेलं. मी उतरताच सगळे उठून उभे राहिले. मी डोळे मिटले.

"हेच ते सर," मुलगा म्हणाला. "आपला बाबा ऐंशीचा होऊन गेला. यायनं त्याले दोन हजार वर्षाचा केला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं अंगण हसलं. मला खाटेवर बसवून चहा दिला. भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीनं, म्हणजे बाबांच्या बायकोनं, पदरानं डोळे पुसले आणि मला नीट निरखून पाहिलं.

"मंग माही उमर किती लावता, सर?"