दादाच्या गाडीतला गीझर

फोन आला तेव्हा मी गच्चीवर गहू वाळत घालत होते. वहिनी म्हणाली, "तुझा दादा गेला गं." मी "हो" म्हटलं, उरलेले गहू पसरले आणि मग खाली आले.

त्यानंतर दादाच्या मनवेलपाड्याच्या घरी रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "त्या गीझरचं आठवतं का?" की सुरू! गीझर एकच, पण प्रत्येकाकडे त्याचा वेगळा किस्सा.

*

निवृत्त झाल्यावर दादाने एक जुनी मिनीबस घेतली. आत पलंग, ओटा, न्हाणी आणि पंधरा लिटरचा गीझर. त्या गाडीतून वहिनीला देवगडला, तिच्या माहेरी न्यायचं होतं. वहिनीची अट एकच. "नळाला कढत पाणी आलं की मी गाडीत बसते. गार पाण्याची अंघोळ करून मी माहेरी जायची नाही!"

दादाने गीझर लावला थेट इन्व्हर्टरवर. दिवे गेले, पंखा थांबला. वहिनीने बाहेरून विचारलं, "तापलं का पाणी?"

"पाणी नाही, इन्व्हर्टर तापलाय!"

*

मग गाडी राजोडीला, पीटरच्या वाडीत उभी राहिली. पीटर दादाचा शाळेतला मित्र. त्याच्या घरातून लांब वायर ओढून गाडीला करंट दिला. गीझर लावला, की पीटरच्या घरातला एमसीबी पडायचा. एकदा तर ऐन रोजरीच्या प्रार्थनेत अंधार!

पीटर ओरडला, "सुधाकर, तुझ्या अंघोळीपायी माझी आय स्वर्गाला मुकेल!"

त्याची आई मात्र शांत. म्हणाली, "चला, त्याच्या गीझरसाठी पण एक म्हणू या."

सगळ्यांनी प्रार्थना केली. दादाने पुन्हा बटण दाबलं आणि काय आश्चर्य, एमसीबी पडला नाही! सगळे खूश. थोड्या वेळाने जळका वास आला. टाकीत पाणी भरायचंच राहिलं होतं!

*

दादा आयुष्यभर कचेरीत. ज्या वस्तूची भीती वाटेल तिच्यावर तो चिठ्ठी चिकटवायचा: "हात लावू नये". मिक्सरवर, मीटरवर, डॉक्टरांनी मीठ बंद केल्यावर लोणच्याच्या बरणीवरसुद्धा. जळक्या वासानंतर गीझरवरही तीन चिठ्ठ्या लागल्या.

*

चांदीपचा भोईर इलेक्ट्रिशियन आला. त्याने नवी कॉइल बसवली. पाणी गार. वायर बदलली. पाणी गारच. दोन वर्षं तो येत राहिला. टेस्टर लावून म्हणायचा, "सायेब, करंट हितवर येतो नि पुढं जात नाय. मंग पानी तापल कसा?"

दादा म्हणायचा, "भोईर, तुझ्यासारखाच आहे तो. अर्ध्या रस्त्यात चहाला थांबतो!"

*

शेवटी दादाने पीटरच्या बंबातलं पाणी बादल्यांनी आणून गुपचूप गाडीच्या टाकीत ओतलं आणि वहिनीला बोलावलं. वहिनीने नळ सोडला. कढत पाणी! दादा मागे हात बांधून उभा.

वहिनीने ओंजळ नाकाशी नेली. "लाइटच्या गीझरच्या पाण्याला लाकडाच्या धुराचा वास येतो होय?"

*

तेरावं झाल्यावर आम्ही गाडी रिकामी करायला राजोडीला गेलो. भोईर गीझर उतरवायला आला होता. गीझरच्या बाजूला एक छोटं झाकण होतं, त्यावर दादाची चिठ्ठी.

"याच्या आत काय आहे रे?" वहिनीने विचारलं.

"काय म्हाईत. सायबांनी लिवलंय ना, हात लावू नये. मी नाय लावला."

"दोन वर्षं?"

"सायबांचा अक्षर हाय, वयनी!"

"मी त्यांच्या चिठ्ठीला कधी जुमानलंय? लोणचं कोण काढून देत होतं त्यांना?"

भोईरने मेन बंद केला. वहिनीने चिठ्ठी नखाने अलगद सोडवली, झाकण उघडलं. आत एक लाल बटण. तिने दाबलं. टक्!

भोईरने कपाळावर हात मारला. "लय तापला का करंट तोडनारा खटका! टाकी सुकी तापली तवाच उडला असल ह्यो!"

पाणी भरून मेन चालू केला. वीस मिनिटांनी वहिनीने नळ सोडला. न्हाणीभर वाफ. धुराचा वास नव्हता. पीटर दारात उभा होता.

वहिनीने नळ बंद केला, झाकण लावलं आणि चिठ्ठी होती तिथे पुन्हा चिकटवली.

गीझर उतरवला नाही. देवगडला जायचं राहिलं आहे.