खुनी तिसऱ्या प्रकरणातच कळतो

झेरॉक्सच्या दुकानात ताज्या कागदांचा गरम वास आला, की मला दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्सची गच्ची आठवते. आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरचे एक काका राहायचे आणि आम्हा दोघांनाही रहस्यकथांचं वेड होतं. हिवाळ्यातल्या रविवारी उन्हात शेंगा सोलत आम्ही नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्यांची चिरफाड करायचो. शेवटी अचानक जुळा भाऊ आणणं ही वाचकाची फसवणूक, यावर आमचं एकमत होतं. एकदा त्यांनी स्पायरल बाइंडिंग केलेला ताज्या झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "ऑफिसातल्या मित्राने कादंबरी लिहिली आहे. बिल्कुल खरं सांग." पुढच्या रविवारी मी सांगून टाकलं, "काका, खुनी तिसऱ्या प्रकरणातच कळतो. इन्स्पेक्टर भाषणं फार देतो. पण शेवटी ती म्हातारी मुलासाठी खोटी साक्ष देते ना, तिथे मला रडू आलं." काकांनी हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मीच लिहिली आहे गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागू लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "घरच्यांनी, ऑफिसातल्यांनी, सगळ्यांनी 'छान आहे' म्हणून परत दिली. खुनी कोण ते एकालाही सांगता आलं नाही. तू शेवटपर्यंत वाचलीस." आणि चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "कुठे रडू आलं, ते पान दाखव बरं." आता कुणी स्वतःचं लिखाण वाचायला दिलं, की आवडलं की नाही हे मी नंतर सांगते, आधी शेवटच्या पानाबद्दल बोलते.