साच्यावरचं कुंकू

तुम्ही रोज ज्यावर काम करता ते कुणाच्या मालकीचं आहे, हे तुम्ही कधी वाचलंय? ऐकलंय नव्हे, वाचलंय?

आम्ही वाचलं नव्हतं. आमच्या घरात कामगारांच्या पत्रकांचा ढीग होता, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. तरी जे डोळ्यांसमोर होतं तेच वाचायचं राहून गेलं.

हिंजवडीजवळच्या नेऱ्यातल्या एका शेडमध्ये आम्ही आगगाड्या बनवतो. तळहातावर मावतील एवढ्या, हुबेहूब, परदेशातल्या शौकिनांसाठी. माझे वडील, अप्पा, टूलरूममध्ये साचे घडवतात. मी पदवीनंतर ट्रिमिंगच्या टेबलावर लागले, म्हणजे साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या डब्यांच्या कडा ब्लेडने साफ करायला. साचा म्हणजे पोलादाचे दोन ठोकळे. मिटले की मधल्या पोकळीत वितळलेलं प्लास्टिक शिरतं, उघडले की डबा बाहेर पडतो. डब्यावर खसखशीएवढा रिव्हेट उठून दिसतो, तिथे साच्यात खसखशीएवढा खड्डा असतो. पोलाद एकदा जास्त कापलं गेलं की परत येत नाही, म्हणून भिंगाखाली काम करताना अप्पा श्वास धरतात. एक साचा व्हायला महिने जातात. मशीन कुठेही मिळतं. गाडी साच्यात असते.

दर खंडेनवमीला आम्ही साच्यांची पूजा करायचो. प्रत्येकाच्या कुशीला पितळेची पट्टी असते. ती गुळगुळीत, म्हणून हळदकुंकू तिच्यावरच लागायचं. वर्षानुवर्षं तेलात कालवून त्याचा जाड थर बसला होता.

मशीनवरून साचा उतरवताना शेवटचा निघालेला डबा दोरीने त्यालाच बांधून ठेवतात. साचा कुठे थकलाय ते पुढच्या वेळी त्याच्याकडे बघून कळतं. सोबत अप्पा दोन ओळींची चिठ्ठी लावत. यंदा दिवाळीनंतर एक साचा उतरवला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "चिठ्ठी नको. सगळं लिहून द्या. कुठली पिन अडकते, किती तापवायचा, सगळं. आणि ग्रीस भरपूर लावा."

"आठवड्यानं परत चढवायचाय, मंग गंज धरू नये म्हून एवढं ग्रीस कशाला?" अप्पांनी विचारलं.

"वरून सांगितलंय."

माझ्या शेजारी जवळच्या चांदे गावची एक मावशी बसायची. ती तिथूनच ओरडली, "दादा, तेल-उटनं लावून लेक सासरी धाडताय व्हय?"

टेबलावरच्या सगळ्या हसल्या. अप्पा हसले नाहीत. पट्टीवर कुंकवाखाली काही लिहिलंय का ते बघायला मी रॉकेलचा बोळा घेतला आणि ती घासली. कुंकू सुटलं, खालून इंग्रजी अक्षरं निघाली. मी मोठ्याने मराठीत सांगितलं : हा साचा गिऱ्हाईक कंपनीची मालमत्ता आहे, मागताक्षणी परत करावा.

मावशीचं ब्लेड थांबलं. "मंग इतकी वर्सं आमी कुनाचं पुजत व्हतो?"

"पट्टी मीच बसवलीया," अप्पा म्हणाले. "पन मला वाटलं, माझ्याबिगर ह्यो कुटं चालतोय."

त्या दुपारी ते चार पानं लिहीत बसले, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, "अप्पा, लिहू नका. तेवढंच तर आपल्याकडं हाय."

"चुकीचा चालवला तर पिन तुटंल, पोरी." त्यांनी मान वर केली नाही.

लाकडी खोका आला. साचा दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यात चालायला गेला, पानं त्याच्यासोबत गेली. रॅकवर तेलाचा चौकोन तेवढा राहिला. त्याचे डबे यायचे थांबले आणि आमचं टेबल अर्धं झालं. मावशीला "कळवतो" म्हणून घरी बसवलं. अजून कुणी कळवलेलं नाही.

रॅकवर बाकीचे साचे आहेत. काल ग्रीसचा नवा डबा आला. आज सकाळी सुपरवायझरने अप्पांपुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. त्यांनी अजून पेन उचललेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी उरलेल्या पट्ट्या घासल्या. सगळ्यांवर तेच.

तुम्ही हिंजवडीत असा नाहीतर आणखी कुठे, उद्या कामावर गेलात की एक बोळा घ्या. पट्टी पुसा. जे निघेल ते शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा, तुमच्यापुढे कोरे कागद येण्याआधी.