रोझीनने तळ रिकामा करवला ती दुपार

पुलाच्या डोक्याशी माझं वर्तमानपत्रांचं दुकान आहे. खाली नदीकाठी, जुन्या तटाच्या भिंतीला लागून, कॅम्परव्हॅनचा, म्हणजे घरासारख्या राहत्या गाड्यांचा, तळ होता आणि त्याची राखणदार होती रोझीन व्हिगुरू. एकोणीस वर्षं तिने ते काम केलं. आलेल्या गाड्यांची नोंद घ्यायची, नळ-संडास धुवायचे, कुणाला डॉक्टर कुठे, कुणाला चांगला पाव कुठे ते सांगायचं. येणारे बहुतेक निवृत्त. दोन दिवसांसाठी म्हणून यायचे आणि आठ-दहा दिवस हलायचे नाहीत. सकाळी बाजार, दुपारी सावलीत सावकाश जेवण, मग लोखंडी गोळ्यांचा डाव.

रोझीनची आई याच काठावर लोकांचे कपडे धुवायची. नदीबद्दल रोझीनला जे कळायचं ते आईकडून आलेलं. पण गावात त्याची टिंगल व्हायची. तीन वर्षांपूर्वी तिने 'पाणी येतंय' म्हणून सगळा तळ उठवला होता आणि पाणी वीतभरही चढलं नव्हतं. नगराध्यक्षांनी तिला चारचौघांत झापलं. तेव्हापासून तिचं नाव 'पूरवाली' पडलं. ती ऐकून घ्यायची, उलट बोलायची नाही.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. बाजाराचा दिवस, ऊन लख्ख. साडेबाराच्या सुमारास रोझीन दुकानात आली, चेहरा उतरलेला. पाणी मातकट झालंय, म्हणाली, आणि डोंगरातल्या चेस्टनटची काटेरी टरफलं ढिगाने वाहत येताहेत. आमच्याकडे थेंब नव्हता, म्हणजे वर डोंगरात भयंकर कोसळत असणार. तिने माझ्याच फोनवरून नगरपालिकेत विचारलं. तिकडच्या माणसाने सांगितलं, पुराचा इशारा साधाच आहे, संध्याकाळपर्यंत काही नाही. वर "पुन्हा नको हं, रोझीन," असंही ऐकवलं.

फोन ठेवून ती काउंटरवर हात टेकून उभी राहिली. काय करतेस, मी विचारलं.

"खोटी ठरले तर नोकरी जाईल," ती म्हणाली. "खरी असून गप्प बसले तर?"

आणि ती उतार उतरून खाली गेली.

तळावर चौदा गाड्या होत्या, बहुतेकांचे कापडी मांडव बाहेर ओढलेले, टेबलं मांडलेली. मी पुलाच्या कठड्याशी उभी राहून बघत होते. कुणी आकाशाकडे बोट दाखवून हसत होतं, कुणी तक्रार करीन म्हणत होतं. उत्तरेकडच्या लील शहरातून आलेला एक जाडा गृहस्थ म्हणाला, "बाई, मासा आत्ता कुठे ताटात पडलाय." रोझीनने ते ताट उचललं, त्याच्या गाडीत नेऊन ठेवलं आणि वर जाऊन खा म्हणून सांगितलं. पहिली गाडी तीच हलली. मग चिडचिडत एकेक करून बाकीच्या उतार चढू लागल्या.

शेवटची वर पोचली तेव्हा नदीचा आवाज बदलला होता. बाजारातले लोकही कठड्याशी गोळा झाले. रोझीन उताराच्या माथ्यावर गाड्या मोजत होती. दोनदा मोजल्या. तेरा.

उरलेली गाडी आन्सेल्म केरदोंकुफची. ब्रतान्य प्रांतातला म्हातारा, ब्याऐंशी वर्षांचा. बायको गेल्यावरही दर शरदात एकटा यायचा. तळाच्या पार टोकाला, विलोच्या झाडाआड गाडी लावायचा आणि जेवून कानातलं यंत्र काढून झोपायचा. रोझीन धावत सुटली. मी वरून हाका मारल्या, तिने वळूनही पाहिलं नाही. पुढचं मला नंतर त्या दोघांनी सांगितलं.

गवतावर पाणी आलं होतं. तिने गाडी बडवली, काही नाही. मग पडलेला खेळाचा लोखंडी गोळा उचलून तिने खिडकीची काच फोडली. म्हातारा दचकून उठला, शिव्या देऊ लागला, मग त्याला पाणी दिसलं. तो थेट चालकाच्या खुर्चीवर जाऊन बसला. पण उताराचा पायथा तोवर बुडाला होता. रोझीनने खुणेने गाडी सोडून द्यायला सांगितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. बायकोने शिवलेले पडदे, तिची भांडी, तिचा कोट, सगळं त्यात होतं.

त्याला ऐकू येत नव्हतं. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला, ओठ दिसतील असा.

"अहो आन्सेल्म, तुम्ही उतरला नाहीत तर मीही नाही उतरणार. आणि मला पोहता येत नाही."

तो बूट न घालता, नुसत्या मोज्यांवर खाली उतरला.

पूर्वी धुणं धुणाऱ्या बायका तटावरून ज्या पायऱ्या उतरायच्या त्या तिथून चाळीस पावलांवर. होड्या बांधायच्या लोखंडी कड्या तटाला आहेत, त्यांना धरून दोघं सरकत होती. पाणी गुडघ्याला होतं, मग मांड्यांना, मग कमरेला. एकदा म्हाताऱ्याचा हात सुटला, तिने सदऱ्याची कॉलर पकडली. मी आणि बाजारातला मासेवाला बेर्त्राँ त्याच्या मांडवाचा दोर घेऊन पायऱ्यांवर उतरलो होतो. आम्ही दोघांना वर ओढलं. थोड्याच वेळात ती पांढरी गाडी गोल फिरत आली आणि पुलाच्या खांबावर आदळली. पुलाचा दगड थरथरला तो पायऱ्यांवर आमच्या पायांना जाणवला.

रोझीन पायरीवर बसून कुडकुडत होती. "चौदाही गाड्यांतले आले ना?" एवढंच तिने विचारलं. नगराध्यक्ष आले. त्यांनी आपला कोट काढून तिच्या खांद्यावर घातला.

म्हातारा पंधरा दिवस तिच्या घरी राहिला. तिसऱ्या दिवशी सूप पिताना म्हणाला, "काच कशाला फोडलीत? दाराला कडी घातलीच नव्हती." रोझीन हसता हसता रडायला लागली, ती बराच वेळ थांबेना.

त्या हिवाळ्यात तळ कायमचा बंद झाला. नवा वर मैदानाशेजारी आहे, तिथे माणूस नाही, आपोआप उघडणारा अडसर आहे. रोझीनला शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. शाळा पलीकडच्या काठाला, पुलावरून पाच मिनिटांची वाट. ती मात्र वरच्या नव्या पुलाने अर्ध्या तासाचा फेरा घालून जाते. मी एकदा विचारलं. म्हणाली, तो दगड थरथरला होता, पायांना अजून पटत नाही.