काचेआडचं हसू

कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत माझी भाची तिच्या बाबांना भेटत होती. बहीण बाहेर बाकावर पाठ फिरवून बसलेली. काचेतून बघत होते ती मीच. बाबा घोडा झाले होते आणि ही पाठीवर बसून खिदळत होती. वेळ संपली. दाराशी येताच तिने हसू पुसलं आणि आईला म्हणाली, “खूप कंटाळा आला.” बहिणीचा चेहरा खुलला.

थोड्या वेळाने न्यायाधीशबाई तिलाच विचारणार होत्या, कुणाकडे राहायचंय? मुलं खोटं बोलत नाहीत, असं आम्ही मोठी माणसं खुशाल म्हणतो आणि निकालाचं ओझं त्यांच्या जिभेवर ठेवतो.

ती माझ्या कानाशी आली. “मावशी, बरोबर बोलले ना मी?”

मी खाली वाकून तिच्या बुटाची नाडी बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हतीच.