पाण्याला विरजण

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुसऱ्यांदा टायफॉइड झाला तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच त्यांना गटारीचं पाणी पाजलं असावं. पाणी उकळता का, त्यांनी विचारलं. उकळता का? माझा जन्म चालला होता पाणी उकळण्यात. आमच्या देवपुरातल्या गल्लीत नळ चार-आठ दिवसांनी येतो आणि आला की सगळे जण त्याला मोटार लावून पाणी ओढतात. पाइपाला फटी आहेत, शेजारून गटार वाहते, मग तिच्यातलंही ओढलं जातं. मी हे घरोघरी जाऊन सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी माझ्याआधी मोटार लावली. शेवटी चिडून मीही लावली, कारण न लावावी तर आमच्याकडे थेंब येत नाही.

म्हणून उकळणं आलं. सकाळी उठल्याबरोबर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळायचं, झाकून निववायचं, घासलेल्या माठात ओतायचं आणि मग शाळेत शिकवायला पळायचं. मागे आबांजवळ अक्का असायची. अक्का माझी आत्या, आबांची थोरली बहीण. भाऊ आजारी पडला असं कळल्यावर पहिल्या दुखण्यातच पिंपळनेरकडच्या खेड्यातून आली, ती राहिलीच. आबांना पाणी द्यायचं तर तिनेच, औषध द्यायचं तर तिनेच.

या वयात आतडं फार नाजूक होतं, तिसऱ्यांदा झालं तर मला काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी घाबरले. आणि मी घाबरले की भांडते. पहिलं भांडण कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याशी, त्याच्या बर्फावरून. तो शांतपणे म्हणाला, ताई, आबा इकडे आलेच कुठे एवढ्यात? खरंच, ते तर अंथरुणातून उठलेच नव्हते. मग मी दुधावर घसरले, मग शेजारणीने प्रेमाने आणलेल्या वांग्याच्या भरितावर. ती अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही. संशय घेता घेता बिचारे आबा नुसत्या मऊ भातावर आले.

एक दिवस शाळा लवकर सुटली. घरी येऊन पाहते तर अक्का बाहेरच्या टाकीतून तांब्याभर पाणी आणून माठात ओतत होती. उकळलेल्या पाण्यात, कच्चं.

काय करतेस, असं मी ओरडूनच विचारलं. ती जराही दचकली नाही. पोथी वाचताना कोणी हाक मारावी तसं तिने वळून पाहिलं.

"उकळीसन पानी मरी जास, बाय. त्याले चव राहस नई, मग भाऊ पेत नई. तांब्याभर जित्तं पानी टाकं का बठ्ठा माठ जित्ता व्हस. दूधले इरजन लावतस ना, तसं."

रोज टाकतेस का? रोज. मी घराबाहेर पडले की लगेच.

मला हसावं की रडावं कळेना. इतका गॅस जाळला, इतकी माणसं दुखावली, आणि शत्रू घरात, तोही मायेने तांब्या घेऊन. मी जंतूंवर वर्गात देते तसं व्याख्यान दिलं. अक्काने माठात डोकावून पाहिलं आणि पाणी निवळशंख आहे असं मलाच सांगितलं. माझं डोकं फिरलं.

"अक्का, तू म्हणतेस तेच झालंय. विरजणच लागलंय. त्या तांब्यातून जित्तं काहीतरी गेलं आणि माठभर वाढलं. त्यानेच आबा पडलेत."

दही ती जन्मभर लावत आली होती. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं काय करतं, हे तिला माझ्याकडून शिकायचं नव्हतं. तिने हातातला तांब्या माठापासून लांब नेऊन ठेवला.

त्यानंतर दुसरीच पीडा. अक्का माठाला हात लावेना. पाणी मागितलं की भिंतीकडे तोंड करून बसायची. आबांना माझ्या हातचं पाणी नको, त्याला म्हणे चवच नाही. डॉक्टर म्हणत होते, भरपूर पाणी पाजा. इकडे आबांचे ओठ सुकून फुटले होते. मी रजा टाकून दोघांशी आळीपाळीने भांडत होते.

शेवटी मीच नमतं घेतलं. अक्काला गॅससमोर उभं केलं, पाणी तिच्या डोळ्यांदेखत उकळलं, निवू दिलं आणि पेला तिच्या हातात दिला.

"तूच दे. माझ्या हातचं ते पीत नाहीत."

तिने पेल्यात डोकावून पाहिलं. मग आबांच्या उशाशी जाऊन बसली, त्यांची मान हातावर घेतली. आबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मरेल पानी शे हाई, अक्का."

अक्काने पेला पुन्हा त्यांच्या ओठांना लावला.

"मरू दे त्याले. तू पी, भाऊ. माले तू जित्ता पाहिजे."